मराठीत ‘मी’ला लिंग नाही, मग एका शब्दात बाई की पुरुष हे कसं कळतं?

समाजमाध्यमांवर टोपणनावाने लिहिणाऱ्या अनेक खात्यांवर खरं नाव नसतं, फोटो नसतो, गावही लिहिलेलं नसतं. तरीही वाचणाऱ्याला एका वाक्यात कळतं की लिहिणारी बाई आहे की पुरुष. ‘काल जालन्याला गेले होते, मोंढ्यात पाय ठेवायला जागा नव्हती,’ एवढं लिहिलं की पुरे. त्या एका ‘गेले’मुळे ओळखीचा अर्धा पडदा सरकतो. त्यानंतर इनबॉक्समध्ये काय सुरू होतं, हे बायकांना वेगळं सांगायला नको.

हेच वाक्य इंग्रजीत लिहिलं असतं तर काहीच कळलं नसतं. जपानीत लिहिलं असतं तर कदाचित कळलं असतं, पण वाक्यातल्या दुसऱ्याच ठिकाणी.

‘मी’ म्हणताना आपण स्वतःबद्दल नकळत काय काय सांगतो? मान, नम्रता आणि लिंग यातलं काय सांगणं भाषा आपल्याला भाग पाडते, आणि कुठे ती आपल्याला सूट देते? जालना जिल्ह्यातलं राजकारण, तिथली ग्रामपंचायत आणि तहसीलमधला साधा अर्ज घेऊन हे समजून घेऊ.

जपानीत किती ‘मी’ आहेत?

२०१६ साली आलेला ‘किमी नो ना वा’ हा जपानी ॲनिमेशनपट आपल्याकडेही अनेकांनी पाहिला आहे. त्यात गावातली एक मुलगी एका सकाळी टोकियोतल्या मुलाच्या शरीरात जागी होते. शाळेतल्या मित्रांशी बोलताना ती ‘मी’साठी एक शब्द वापरते, मित्र चमकतात. ती दुसरा वापरते, तिसरा वापरते. शेवटी ‘ओरे’ म्हणते तेव्हा कुठे मित्रांचं समाधान होतं.

जपानीत ‘मी’साठी अनेक शब्द आहेत. ‘वाताशी’ सर्वसाधारण आणि सभ्य आहे. पुरुष तो मुख्यतः औपचारिक प्रसंगी वापरतात, बायका रोजच्या बोलण्यातही वापरतात. ‘वाताकुशी’ त्याहून औपचारिक. ‘आताशी’ बायकी वळणाचा. ‘बोकु’ मुलगे आणि पुरुष वापरतात, त्यात थोडा मऊपणा आहे. ‘ओरे’ हा पुरुषांचा, मित्रांमधला, थोडा रांगडा शब्द. जपानी क्रियापद मात्र बोलणारा पुरुष की बाई हे सांगत नाही. त्याच्या शेवटावरून कळतो तो सभ्यपणा.

सरकारनेही यात लक्ष घातलं होतं. जपानच्या राष्ट्रीय भाषा परिषदेने १९५२ मध्ये आदराच्या भाषेबद्दल शिफारशी केल्या. ‘वाताशी’ हा सगळ्यांसाठी प्रमाण शब्द मानावा, आणि ‘बोकु’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना नोकरी-व्यवसायात शिरताना ‘वाताशी’ म्हणायला शिकवावं, असं त्यात होतं. ‘मी’ कसं म्हणावं हा प्रश्न तिथे धोरणापर्यंत पोचला होता.

मग मराठीत हे काम कोण करतं?

मराठीत ‘मी’ एकच. बाई, पुरुष, लहान, मोठा, सगळ्यांचा तोच. पण वाक्य पुढे सरकलं की क्रियापद बोलू लागतं: मी जातो, मी जाते. मी आलो, मी आले. विशेषणही सोबत येतं: मी एकटा, मी एकटी. त्या सिनेमातली मुलगी मराठी असती तर ‘मी’ म्हणताना पकडली गेली नसती. ‘मी वाट चुकले’ यातल्या ‘चुकले’वर पकडली गेली असती.

म्हणजे जपानी भाषा लिंगाची खूण सर्वनामावर ठेवते आणि मराठी ती क्रियापदावर. याचा परिणाम मोठा आहे. जपानीत ‘मी’ गाळून बोलायची पद्धतच आहे, त्यामुळे खूण सहज टाळता येते. मराठीतही ‘मी’ गाळता येतो, पण क्रियापद कसं गाळणार?

खूण नेमकी कुठे दिसते?

मराठी क्रियापद प्रत्येक वेळी बोलणाऱ्याचं लिंग सांगतं, हा समज मात्र चुकीचा आहे. खालची वाक्यं बाईने म्हटली काय किंवा पुरुषाने म्हटली काय, जशीच्या तशी राहतात.

- मी भाकरी खाल्ली. मी काम केलं. (इथे क्रियापद भाकरीच्या आणि कामाच्या लिंगाप्रमाणे चालतं.)
- मी उद्या जाईन. मी उद्या जाणार आहे.
- मी जात आहे.
- मला वाटतं. मला माहीत आहे. मला जायचं आहे.

आणि ही वाक्यं बदलतात.

- मी जातो / जाते. मी जातोय / जातेय.
- मी गेलो / गेले. मी जेवलो / जेवले. मी विसरलो / विसरले.
- मी गेलो असतो / गेले असते.

यात एक गंमत आहे. ‘मी जात आहे’ हे छापील वाक्य लिंग सांगत नाही, पण तेच घाईत ‘जातोय’ किंवा ‘जातेय’ झालं की सांगतं. बोलीभाषा जिथे उघड करते, तिथे औपचारिक मराठी झाकून ठेवते.

दुसरी गोष्ट अनेकवचनाची. एकटी बाई ‘मी आले’ म्हणते, पण बचत गटातल्या दहा जणी मिळून बँकेत गेल्या तर म्हणतात, ‘आम्ही आलो’. पुरुषही तेच म्हणतात. ‘मी’चं ‘आम्ही’ झालं की लिंगाची खूण पुसली जाते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सगळ्याच मराठी बायका ‘मी आले’ म्हणतात का?

नाही. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात अनेक बायका आणि मुली सहज ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. पुण्यात किंवा मराठवाड्यात शिकायला आलेल्या कोल्हापूरच्या मुलीची यावरून चेष्टा होते. पण यात ‘मुलासारखं बोलणं’ काही नाही. शेजारच्या कानडीत पहिल्या पुरुषाच्या क्रियापदाला लिंग नसतं, बाई आणि पुरुष एकच रूप वापरतात. त्या शेजाराचा हा परिणाम असावा असं मानलं जातं.

जालन्यात ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ हा फरक पाळला जातो. इथली वेगळी खूण दुसरी आहे. गावाकडच्या बोलण्यात ‘म्या केलं’, ‘आपुन जाऊ’, ‘मह्यं’ किंवा ‘माहं’ असे शब्द ऐकू येतात. शहरात त्यांना गावंढळ म्हणून हसतात. खरं तर ‘म्या’ हे जुन्या मराठीतल्या ‘मियां’ या रूपाचं वंशज आहे. प्रमाण मराठीने ते सोडलं, गावाने जपलं. तरीही मुलाखतीत ‘म्या’ म्हणणारा मुलगा ओशाळतो. कारण ‘मी’ कसं म्हणता यावरून लिंगासोबत शिक्षण आणि गावही ओळखलं जातं.

मान आणि नम्रता कुठे दिसते?

मराठीत मान दाखवायचा तर एकवचन सोडून अनेकवचन धरतात. ‘तू’चं ‘तुम्ही’ होतं, ‘तो आला’चं ‘ते आले’ होतं. स्वतःबद्दल बोलतानाही हेच चालतं. ‘माझ्या घरी या’पेक्षा ‘आमच्या घरी या’ अधिक अगत्याचं वाटतं. नवऱ्याचं नाव न घेणारी बाई ‘आमचे हे’ किंवा ‘आमच्याकडे’ म्हणते. दुसरीकडे गावचे जुने पाटील किंवा पुढारी एकट्याबद्दल बोलतानाही ‘आम्ही’ म्हणतात, तेव्हा त्यात नम्रता नसते, रुबाब असतो. एकच शब्द, दोन टोकं.

‘आपण’ तर त्याहून लवचीक. ‘आपण बसावं’ यात तो ‘तुम्ही’हून आदराचा आहे. ‘आपण जाऊ’ यात तो बोलणारा आणि ऐकणारा दोघांना धरतो. आणि ‘आपण असल्या भानगडीत पडत नाही’ असं एखादा चौकात छाती पुढे काढून म्हणतो, तेव्हा ‘आपण’ म्हणजे फक्त तो स्वतः. हा तिसरा ‘आपण’ बहुतेक पुरुषांच्या तोंडी असतो. जपानी ‘ओरे’च्या जवळ जाणारा मराठी शब्द शोधायचा तर तो हाच.

नम्रतेचा आणखी एक जुना मार्ग म्हणजे ‘मी’ म्हणायचंच नाही. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब समर्थ हे जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात आहे. त्यांचा जन्म १६०८ चा. ते रचनेत स्वतःचा उल्लेख ‘दास’ असा करतात. शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाई स्वतःला नामदेवांची दासी म्हणवतात. योगायोग असा, की जपानी ‘बोकु’ ज्या चिन्हाने लिहितात त्याचा मूळ अर्थही ‘सेवक’ असाच आहे. तिकडे सेवकाचा ‘बोकु’ पुढे मुलग्यांचा रोजचा ‘मी’ झाला. आपल्याकडे अर्जाच्या शेवटी सेवकपण उरलं: ‘आपला आज्ञाधारक’, ‘आपली आज्ञाधारक’. तिथेही लिंगाची खूण आहेच.

जालन्याच्या राजकारणात ‘आपण’ म्हणजे कोण?

२९ ऑगस्ट २०२३ रोजी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील यांचं उपोषण सुरू झालं. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि आंदोलन राज्यभर पोचलं. त्यासोबत मराठवाड्यातली गावाकडची मराठीही रोज टीव्हीवर आली. पुढे तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याबद्दल एकेरीत बोलल्याबद्दल जरांगे यांच्यावर टीका झाली. गावात वडीलधाऱ्यालाही मायेने ‘तू’ म्हणतात, असं काहींचं म्हणणं. पण रागातलं ‘तू’ आणि मायेचं ‘तू’ यातला फरक गावालाही कळतो, हे तितकंच खरं.

जून २०२४ मध्ये त्याच अंबड तालुक्यातल्या वडीगोद्रीत लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांनी ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी उपोषण केलं. दोन्ही मंडप एकाच तालुक्यात, बोलणारे सगळे मराठीच. ‘आपल्या लेकरांचं भविष्य’ असं कुणी कुठल्याही मंचावरून म्हटलं, तर ‘आपल्या’ या शब्दाच्या वर्तुळात कोण बसतं?

मराठीला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यात फरक करता येतो. ‘आम्ही’ म्हणजे तुम्हाला वगळून आम्ही, ‘आपण’ म्हणजे तुमच्यासकट. प्रमाण हिंदीत दोन्हींसाठी ‘हम’ आहे. त्यामुळे मराठी वक्त्याला दर वाक्यात ठरवावं लागतं की ऐकणारा आत आहे की बाहेर. एकाच गावातले, एकाच बांधाचे दोन शेतकरी दुष्काळाबद्दल बोलताना ‘आपण’ असतात आणि आरक्षणाचा विषय निघाला की ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ होतात. जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत वाढलेला ताण मोजायला वेगळं यंत्र नको. पारावर ‘आपण’ किती वेळा ऐकू येतं, एवढं ऐकलं तरी पुरे.

‘आम्ही ठरवलं’ म्हणजे कुणी ठरवलं?

आता मघाची लक्षात ठेवायची गोष्ट. ‘आम्ही’ लिंग पुसतं.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. जालना महापालिकेची ती पहिलीच निवडणूक होती, आणि तिथेही निम्म्या जागा महिलांसाठी होत्या.

पण अनेक गावांत फोन सरपंचबाईंना लावला तरी उचलतात त्यांचे पती. ‘आम्ही रस्त्याचं काम मंजूर करून आणलं,’ असं ते सांगतात. व्याकरणात हे वाक्य निर्दोष आहे. त्यात बायको आहे असं म्हणता येतं आणि नाही असंही. एकवचनात बोलले असते तर सही कुणाची, बोलतंय कोण, हा प्रश्न लगेच आला असता.

म्हणून ग्रामसभेत एखादी सरपंच उठून ‘मी ठराव मांडते’ म्हणते, तेव्हा तो ‘मांडते’ महत्त्वाचा असतो. तिथे लिंगाची खूण ओझं ठरत नाही. बोलणारी बाई आहे आणि ती स्वतः बोलते आहे, याचा तो पुरावा असतो. जालन्याला लागून असलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहिलं, तेव्हा बाईने बाई म्हणून छापील मराठीत जाहीर वाद घालणं हीच मोठी गोष्ट होती.

म्हणजे खूण पुसणं नेहमीच चांगलं आणि दाखवणं नेहमीच वाईट, असं नाही. निवड कुणाच्या हातात आहे, हा खरा प्रश्न आहे.

अर्जावरची तिरकी रेघ

उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला काढायला गेलात की स्वयंघोषणापत्र भरावं लागतं. त्यात ‘घोषित करतो/करते’ असं छापलेलं असतं. २ सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटसंबंधीच्या शासन निर्णयानंतर कुणबी प्रमाणपत्राचा विषय मराठवाड्यात घरोघरी पोचला, आणि अर्ज, शपथपत्रं हे शब्दही. तिरक्या रेघेच्या आधी ‘करतो’, नंतर ‘करते’. जिथे रेघही नसते, तिथे नुसतं ‘करतो’ असतं आणि बाई त्याखाली सही करते.

२०२४ च्या ‘माझी लाडकी बहीण’ योजनेच्या हमीपत्रात उलट झालं. योजना फक्त महिलांची, त्यामुळे तिथे सरळ ‘करते’. सरकारी कागदावर असा एकटा ‘करते’ क्वचितच दिसतो.

पण या रेघेच्या दोन्ही बाजूंना न बसणारी माणसंही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या ‘नाल्सा’ निकालात तृतीयपंथी व्यक्तींच्या स्वतःची ओळख ठरवण्याच्या हक्काला मान्यता दिली. २०१९ च्या कायद्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांमार्फत ओळखीचं प्रमाणपत्र देण्याची तरतूद केली. मात्र त्यासाठी मराठीत लिहायला बसलं की पहिल्याच वाक्यात क्रियापद विचारतं: करतो की करते? एखाद्या पारलिंगी स्त्रीसाठी ‘मी करते’ लिहिता येणं हा आनंद असू शकतो. स्वतःला दोन्हीपैकी काहीच न मानणाऱ्या व्यक्तीसाठी दोन्ही पर्याय चुकीचे असतात.

मशीन काय करतं?

इंग्रजीतल्या ‘मी’ला लिंग नाही, मराठी क्रियापदाला आहे. त्यामुळे ‘मी थकले आहे’ हे सांगणारं इंग्रजी वाक्य भाषांतराच्या ॲपमध्ये टाकलं की मशीनला अंदाज करावा लागतो. बरेचदा उत्तर येतं, ‘मी थकलो आहे’. मशीन ज्या मजकुरावर शिकतं त्यात पुरुषांचा ‘मी’ जास्त असेल, तर अंदाज तिकडेच झुकणार.

याउलट ‘मी सहमत आहे’ आणि ‘मी रोबोट नाही’ ही बटणं पाहा. आपण रोज ती दाबतो आणि ती कुणालाच काही विचारत नाहीत, कारण त्या वाक्यांत लिंगाची खूण नाही.

यावर उपाय काय?

नवा शब्द शोधायची गरज नाही. उपाय प्रत्येक मराठी शाळेत रोज सकाळी म्हटला जातो.

पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली प्रतिज्ञा आठवा. पायदिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ मध्ये मूळ तेलुगूत लिहिली. तिच्या मराठी रूपातली क्रियापदं आहेत ‘करीन’, ‘ठेवीन’, ‘वागेन’ आणि ‘करीत आहे’. एकाही ठिकाणी ‘करतो’ किंवा ‘करते’ नाही. त्यामुळे भोकरदनपासून मंठ्यापर्यंत, वर्गातली सगळी मुलं-मुली एका सुरात एकच वाक्य म्हणू शकतात, कुणालाही शब्द बदलावा लागत नाही. संविधानाच्या उद्देशिकेतही ‘आम्ही’ आहे आणि ‘करीत आहोत’ आहे.

अर्जावरचं ‘घोषित करतो/करते’ हे ‘घोषित करीत आहे’ झालं, तर तिरकी रेघ जाते, अर्थ तोच राहतो आणि कुणालाही दुसऱ्याच्या क्रियापदाखाली सही करावी लागत नाही. खर्च शून्य.

ज्यांना टोपणनावाने लिहायचं आहे, त्यांच्यासाठीही तोच मार्ग. ‘काल जालन्याला गेले होते’ऐवजी ‘काल जालन्यात मोंढा पाहिला, पाय ठेवायला जागा नव्हती’ असं लिहा. कोण लिहितंय हे त्यावरून कळणार नाही. आणि ज्या दिवशी ते कळावं असं वाटेल, त्या दिवशी ‘गेले होते’ लिहायला भाषा तयारच आहे.